तेरा डॉलरचा पगार आणि शंभर डॉलरची वर्गणी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांचे पत्र आले त्यात माझ्यासाठी विषय नेमून दिला होता : ‘मैत्री आणि जिद्द’. असे विषय मोठे फसवे असतात. त्यांवर बोलायला उभे राहिले की माणूस सुभाषितांच्या मागे लागतो आणि पुढच्या रांगेतली मुले जांभया देऊ लागतात. मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे उपदेशापेक्षा हकीकत सांगणे मला सोपे जाते. म्हणून आज एक हकीकतच सांगतो. ती आपल्या मुलखातली नाही, अमेरिकेतली आहे, आणि दीडशे वर्षांहून जुनी आहे. परंतु तिच्यात एक शाळा आहे, वर्गणीची यादी आहे, गळके छप्पर आहे, जागा नाकारणारी भली माणसे आहेत. तेव्हा या मंडपात बसलेल्या कुणालाही ती फारशी परकी वाटणार नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध झाले, हे आठवी-नववीच्या मुलांना माहीत असेल. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची अकरा राज्ये देशातून फुटून निघाली आणि अब्राहम लिंकनच्या सरकारने त्यांच्याशी युद्ध केले. एकाच देशाची, एकच भाषा बोलणारी, पुष्कळदा एकाच घरातली माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. मेलेल्यांचा आकडा सहा लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत सांगतात. त्यातली निम्म्याहून अधिक माणसे गोळीने मेली नाहीत, ती जुलाबाने, विषमज्वराने, गोवराने आणि न्यूमोनियाने मेली. लढाईच्या चित्रांत ही गोष्ट कधी दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

या युद्धात मिसुरी नावाचे एक राज्य मोठे चमत्कारिक स्थितीत होते. तिथे गुलामगिरी होती, पण ते फुटून निघाले नव्हते. त्यामुळे १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जो प्रसिद्ध जाहीरनामा काढला, तो मिसुरीला लागूच झाला नाही! तो बंडखोर मुलखापुरता होता. मिसुरीतला गुलाम पूर्वीसारखाच गुलाम राहिला. त्याला सुटण्याचा एक मार्ग मात्र उघडा झाला : सैन्यात भरती व्हायचे. भरती झालेला गुलाम मोकळा, आणि त्याचा मालक सरकारशी एकनिष्ठ असेल तर मालकाला भरपाई. अशा रीतीने त्या राज्यातून आठ हजारांवर काळे शिपाई भरती झाले. सगळ्या देशात मिळून त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली.

आता त्या राज्यातला आणखी एक कायदा ऐका, कारण आपली हकीकत त्याच्याशी बांधलेली आहे. १८४७ साली मिसुरीच्या विधिमंडळाने ठराव केला की काळ्या माणसांना वाचायला किंवा लिहायला शिकवणारी कोणतीही शाळा या राज्यात चालवता कामा नये. चालवणाऱ्याला पाचशे डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. चोराला शिक्षा असते, खुन्याला असते. इथे ‘क’ला काना ‘का’ शिकवणाऱ्याला शिक्षा होती. सेंट लुईस शहरात आजही अशी हकीकत सांगतात की जॉन बेरी मीचम नावाच्या एका काळ्या धर्मोपदेशकाने यावर तोड काढली. त्याने मिसिसिपी नदीत एका आगबोटीवर शाळा भरवली. जमीन राज्याची, पण नदी केंद्र सरकारची, तेव्हा पाण्यावर राज्याचा कायदा चालत नाही, हा त्याचा मुद्दा. वकील मंडळींनी दाद द्यावी अशीच ही तोड आहे.

डिसेंबर १८६३ मध्ये सेंट लुईसच्या बेंटन बराकींत काळ्या शिपायांची पहिली पलटण उभी राहिली. तिला पुढे बासष्टावी पलटण असे नाव पडले. पाठोपाठ दुसरी उभी राहिली, ती पासष्टावी. ही माणसे आली कशी? मालकाचा डोळा चुकवून, रात्रीची, कडाक्याच्या थंडीत, अंगावर असेल त्या फाटक्या कपड्यानिशी कित्येक मैल चालत. कित्येकांचे हातपाय हिमाने बधिर होऊन कापावे लागले. बराकीत पोचल्यावर गोवर आणि न्यूमोनियाने गाठले. गणवेश नीट अंगावर चढण्याच्या आधीच पुष्कळ जण दगावले. पासष्टाव्या पलटणीची कथा तर याहून वाईट. लुइझियानातल्या दलदलीत तिला ठेवले होते, आणि तिथे व इतरत्र मिळून तिची सातशेहून अधिक माणसे केवळ रोगराईने गेली. या शिपायांचा पगारही सुरुवातीला गोऱ्या शिपायापेक्षा कमी होता. गोऱ्याला महिना तेरा डॉलर, तर याला दहा, आणि त्यातूनही तीन डॉलर कपड्यांचे कापून घेत. १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसने कायदा केला तेव्हा कुठे दोघांना तेरा-तेरा मिळू लागले.

मैत्री हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एका बाकावर बसलो, एकत्र चहा प्यालो की झाली मैत्री. या माणसांची मैत्री शेजारच्याच्या तोंडात पाणी घालता घालता झाली. आणि तिला दुसरेही एक निमित्त होते, ते म्हणजे पाटी.

बासष्टाव्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल डेव्हिड ब्रॅन्सन हा माणूस मोठा कडक होता. अधिकारी सगळे गोरे. काळ्याला अधिकारीपद मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. या ब्रॅन्सनने १८६४ च्या जुलैत लुइझियानातल्या छावणीत हुकूम काढला की पलटणीतल्या सगळ्या हवालदार-नाईकांनी येत्या १ जानेवारीपर्यंत वाचायला शिकलेच पाहिजे. जो शिकणार नाही त्याची पट्टी उतरेल आणि ज्याला वाचता येते त्याला ती मिळेल. पुढे ऑक्टोबरात टेक्सासच्या किनाऱ्यावर ब्राझोस सँटियागो इथे छावणी असताना त्याने दुसरा हुकूम काढला. तो असा : जो शिपाई पत्ते खेळताना सापडेल त्याला छावणीत सर्वांना दिसेल अशा जागी पुस्तक हातात देऊन उभे करावे आणि तिथल्या तिथे त्याच्याकडून वाचनाचा व स्पेलिंगचा चांगला मोठा धडा करून घ्यावा. तो शिकायला तयार नसेल तर भुकेने तयार करावा.

मुलांनो, हसू नका. तुमच्या मुख्याध्यापकांना कल्पना सुचेल.

ही मैत्री म्हणायची का, असे कुणी विचारील. उपाशी ठेवून शिकवणाऱ्याला मित्र म्हणायचे कसे? मलाही तो हुकूम पहिल्यांदा वाचताना खटकला. चाबकाखाली वाढलेल्या माणसाला पुन्हा धाक कशासाठी? परंतु धाकाने माणूस पहिले दोन धडे शिकतो, पन्नासावा धडा शिकत नाही. तो स्वतःच्या ओढीने किंवा शेजाऱ्याच्या सोबतीनेच होतो. ज्याला चार अक्षरे आली त्याने शेकोटीपाशी दुसऱ्याला दाखवायची, अशी रीत या काळ्या पलटणींतून सर्रास होती. बासष्टाव्या पलटणीची मुदत संपत आली तेव्हा हिशेब मांडण्यात आला. ४३१ माणसांपैकी ९९ जणांना वाचन, लेखन आणि अंकगणित येत होते. २८४ जण वाचू शकत होते. मुळाक्षरेसुद्धा न आलेली माणसे सगळ्या यादीत दहाहून अधिक नव्हती. ही माणसे दोन वर्षांपूर्वी अशा राज्यातून आली होती जिथे त्यांना शिकवणे हा गुन्हा होता, आणि मधली दोन वर्षे त्यांनी तंबूत काढली होती. आपल्या शाळेचा निकाल लावताना आपण इमारत, पंखे, फर्निचर यांची तक्रार करतो, त्यावेळी हा आकडा मला हटकून आठवतो.

इथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. पगाराच्या दिवशी ते अंगठा उठवत. गावी पत्र लिहायचे तर खोलीवरचा त्यांचा एक जोडीदार लिही. तो चौथी शिकलेला होता. पत्राच्या शेवटी तो दरवेळी स्वतःची एक ओळ घाली की ‘मुलाला शाळेतून काढू नये’. वडिलांना ती ओळ कधी कळलीच नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आईलाही येत नव्हते. गावातल्या मास्तरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि आईला वाटले की हे वडिलांचेच म्हणणे आहे. मी शाळेत राहिलो तो अशा रीतीने. असो.

युद्ध ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीच्या शरणागतीने संपल्यासारखे झाले. पण त्यानंतर महिन्याने, १२ आणि १३ मे रोजी, टेक्सासमध्ये रिओ ग्रांडे नदीकाठी पामिटो रँच इथे एक चकमक झाली. त्या युद्धातली ती शेवटची लढाई समजतात. तिच्यात बासष्टावी पलटण होती. सरकारी फौजेला तिथे माघार घ्यावी लागली, पण या पलटणीने ती रांग न मोडता घेतली. जिंकलेल्या लढाईच्या आठवणी सगळेच सांगतात. हरलेल्या लढाईत रांग न मोडणाऱ्यांची नोंद इतिहासाने जरा ठळक करायला हवी होती, असे मला वाटते.

नंतरचे महिने या पलटणीने टेक्सासच्या सरहद्दीवर काढले. १८६६ च्या जानेवारीत फोर्ट मॅकिंटॉश नावाच्या ठाण्यावर काही अधिकारी बोलत बसले होते. आता माणसे घरी जाणार. घरी जाऊन काय करणार? मिसुरीत गुलामगिरी जानेवारी १८६५ मध्ये रद्द झाली होती, शिकवण्यावरची बंदीही उठली होती. पण बंदी उठली म्हणून शाळा उगवत नाहीत. काळ्या मुलांना शिकवायला शिक्षकच नव्हते, आणि या प्रौढ शिपायांचे अर्धवट राहिलेले शिक्षण कुठे पुरे व्हायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्या बैठकीत रिचर्ड बॅक्स्टर फॉस्टर नावाचा एक लेफ्टनंट होता, डार्टमाउथ कॉलेजचा पदवीधर. त्याला एकाने विचारले की आपल्या पलटणीने पैसे जमवून दिले तर तुम्ही शाळा काढाल का? फॉस्टर हो म्हणाला. बस्, एवढेच. ठराव नाही, उपसमिती नाही.

मग यादी फिरली. बासष्टाव्या पलटणीतून सुमारे पाच हजार डॉलर जमले. त्यातले हजारभर अधिकाऱ्यांचे आणि उरलेले चार हजार साध्या शिपायांचे. पासष्टाव्या पलटणीला ही वार्ता कळली, तिने आणखी सुमारे चौदाशे दिले. हे पैसे कुठून आले असतील याचा विचार करा. या माणसांकडे जमीन नव्हती, घर नव्हते, बापजाद्यांचे काही नव्हते. कित्येकांना आपली बायको आणि मुले कुठे विकली गेली याचा पत्ता नव्हता. नोकरी सुटली की हातात जे काही पडणार तेवढ्यावर जन्म नव्याने मांडायचा होता. त्यात सॅम्युएल सेक्स्टन नावाचा एक शिपाई होता. पगार महिना तेरा डॉलर, म्हणजे वर्षाचे एकशे छप्पन. त्याने एकरकमी शंभर डॉलर दिले. साडेसात महिन्यांहून अधिक पगार झाला हा.

देणगीदारांनी अटी मोजक्याच घातल्या. शाळा मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या विशेष हितासाठी असावी, ती मिसुरी राज्यात असावी आणि तिच्यात अभ्यास व श्रम यांची सांगड असावी. आपल्याकडे देणगी देणारा आधी विचारतो की पाटीवर नाव कुठल्या बाजूला येणार. इथे नाव शिपायांचे नव्हते, लिंकनचे होते. एप्रिल १८६५ मध्ये त्याचा खून झाला होता. शाळेला नाव दिले ‘लिंकन इन्स्टिट्यूट’.

फॉस्टर पैसे घेऊन मिसुरीत आला आणि खरी गंमत इथून सुरू झाली. सेंट लुईसमध्ये जमले नाही. मग तो राज्याची राजधानी जेफर्सन सिटी इथे गेला. तिथे त्याने काळ्या लोकांचे प्रार्थनामंदिर वर्गासाठी मागितले. ते मिळाले नाही, कारण शिकवणारा गोरा. मग गोऱ्या लोकांचे प्रार्थनामंदिर मागितले. तेही मिळाले नाही, कारण शिकणारे काळे. दोन्ही बाजूंची दारे एकाच दिवशी बंद होण्याचा अनुभव ज्यांनी गावात शाळा काढली आहे त्यांना नवा नाही. शेवटी गावाच्या टेकडीवरचे एक पडीक शाळाघर मिळाले.

१७ सप्टेंबर १८६६. शाळेचा पहिला दिवस. फॉस्टरने स्वतः त्या दिवसाची हकीकत लिहून ठेवली आहे. पाऊस धो धो कोसळत होता. एरवी पायी ओलांडता येणारा ओढा दुथडी भरून वाहत होता. मास्तरांनी अर्ध्या तासाचा वळसा घेतला, लोकांची कुंपणे ओलांडली आणि शाळेत पोचले. आत पाहतात तो बाहेर जेवढा पाऊस तेवढाच आत. भिंतींच्या फटी इतक्या मोठ्या की त्यांतून कुत्रे आरपार जावे. खिडकी नाही, बाक नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. आणि विद्यार्थी? दोन.

सहा हजारांवर डॉलर, हजारो शिपायांची आशा, आणि दोन विद्यार्थी! फॉस्टरच्या जागी मी असतो तर त्या दिवशी रजा देऊन घरी गेलो असतो. त्याने वर्ग घेतला.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण संस्था मोठी होण्याची कथा सगळीकडे सारखीच असते : पैसे पुरत नाहीत, माणसे भांडतात, तरी ती चालते. १८७० मध्ये शिक्षक तयार करण्याच्या कामासाठी राज्य सरकारची मदत सुरू झाली. पैसे जमवण्यासाठी जेम्स मिल्टन टर्नर हा गृहस्थ पुष्कळ हिंडला. तो जन्माने गुलाम, आणि तोच पुढे १८७१ साली अमेरिकेचा वकील म्हणून लायबेरियाला गेला. १८७९ मध्ये संस्था राज्याच्या ताब्यात गेली. १८८० मध्ये तिला पहिला काळा प्रमुख मिळाला. त्याचे नाव इन्मन पेज. तोही गुलामगिरीत जन्मलेला, आणि ब्राउन विद्यापीठातून पदवी घेतलेल्या पहिल्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९२१ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९५४ नंतर तिची दारे सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांना उघडली. गळक्या झोपड्यात सुरू झालेली ही शाळा आज ‘लिंकन विद्यापीठ’ म्हणून त्याच गावात उभी आहे, आणि २००७ मध्ये तिच्या आवारात त्या शिपायांचे स्मारक उभारले गेले. एकशे एकेचाळीस वर्षांनी का होईना, पाटी लागली.

आपल्या पुण्यात १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केले आहे. त्या वर्षी लिंकन इन्स्टिट्यूट सात वर्षांची झाली होती. फुल्यांना या शाळेची माहिती होती की नाही, या प्रश्नात मी शिरत नाही. पण एकाच काळात दोन खंडांत अक्षरासाठी माणसे कशी झगडत होती, एवढे त्या अर्पणपत्रिकेवरून दिसते.

आता थोडे इतर शिपायांविषयी. या युद्धात हजारो माणसांचे हातपाय कापले गेले. न्यूयॉर्कमधून शिपायांसाठी एक पत्र निघत असे, त्याचा संपादक विल्यम ओलंड बोर्न. त्याने १८६५ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली : ज्यांचा उजवा हात युद्धात गेला त्यांनी डाव्या हाताने सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून पाठवावा. बक्षिसांची रक्कम एकूण हजार डॉलर. शेकडो माणसांनी लिहून पाठवले. डाव्या हाताने लिहिता आले की कारकुनी मिळते, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. त्यात रॉबर्ट पिन या काळ्या सार्जंटचेही लेखन आहे. २९ सप्टेंबर १८६४ रोजी व्हर्जिनियातल्या लढाईत सगळे अधिकारी पडल्यावर त्याने तुकडी हाती घेतली होती, आणि त्यासाठी त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. उजवा हात कायमचा निकामी झाला. पुढे तो शिकून वकील झाला.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे पूर्वी माझेही लक्ष गेले नव्हते. युद्धानंतर जखमी शिपायांना आणि मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन मिळायची. पण काळ्या शिपायाच्या विधवेने लग्न झाल्याचे सिद्ध करायचे कसे? गुलामांचे लग्न कायद्याला मान्यच नव्हते. जन्मतारीख नाही, दाखला नाही. कित्येकांची नावेसुद्धा दोन-दोन : मालकाने लावलेले एक, आणि सुटल्यावर स्वतः घेतलेले दुसरे. १८६४ च्या कायद्याने साक्षीदारांची जबानी चालेल असे ठरले. मग जुने सोबती पुढे आले. पलटण फुटून वीस-वीस, तीस-तीस वर्षे झालेली, केस पिकलेले. शेतावरचे काम टाकून ते कचेरीत जाऊन सांगत, ‘मी याला ओळखतो, आम्ही एका मळ्यावर वाढलो, एका रात्री पळालो, याला गोळी लागली तेव्हा मी शेजारी होतो, ही याचीच बायको.’ अशा जबान्यांची हजारो कागदपत्रे वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात आहेत. तरीही काळ्यांचे अर्ज गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात फेटाळले जात. ज्याला सही येत नसे तो फुली करी. त्या फुल्यांच्या शेजारी मधूनच एखादी वाकडीतिकडी सही दिसते, तेव्हा वाटते की हा बहुधा छावणीत शिकला असावा.

याच्या उलट एक चित्र फार प्रसिद्ध आहे. १९१३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावर लढाईला पन्नास वर्षे झाली म्हणून दोन्ही बाजूंचे त्रेपन्न हजारांवर म्हातारे शिपाई जमले. ज्या दगडी भिंतीपाशी एकमेकांना ठार मारले होते, तिच्यावरून हात पुढे करून त्यांनी हस्तांदोलन केले. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली, लोकांचे डोळे पाणावले. मीही पूर्वी वर्गात हे मोठ्या कौतुकाने सांगत असे. पुढे लक्षात आले की त्या गर्दीत काळा शिपाई जवळजवळ कुठे दिसत नाही. ज्या प्रश्नावरून युद्ध झाले तो प्रश्नच बाजूला ठेवून दोस्ती जमली होती. त्याच सुमारास दक्षिणेत काळ्यांचा मताधिकार गेला होता, वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळी बाके सर्वत्र आली होती. मला त्या म्हाताऱ्यांच्या अश्रूंवर संशय घ्यायचा नाही. शत्रूला पन्नास वर्षांनी हात देणे सोपे नाही. पण ज्याच्या खर्चाने समेट झाला तो मंडपाबाहेर उभा असेल, तर ती मैत्री मला अर्धीच वाटते. वर्गात आता मी हे दोन्ही सांगतो आणि मुलांना वाद घालू देतो.

मी मात्र सेक्स्टनचा विचार करत राहतो. त्याचे पुढे काय झाले, ती शाळा त्याने कधी पाहिली का, त्याचे कुणी मूल तिथे शिकले का, हे मनात येते. शंभर डॉलर देताना त्याच्यासमोर इमारत नव्हती, नकाशा नव्हता, पावतीपुस्तकही बहुधा नव्हते. शेजारच्या तंबूतल्या चार माणसांवर आणि एका लेफ्टनंटाच्या ‘हो’वर भरवसा होता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, ते माझ्या लक्षात आले आहे. टेबलावर बक्षिसांच्या पुस्तकांचे गठ्ठे दिसताहेत आणि ज्यांची नावे पुकारली जाणार ती मुले अस्वस्थ झाली आहेत. मागच्या रांगेत मघाशी काही मोठी मुले खाली मान घालून काहीतरी वाटत होती. तो पत्त्यांचा कॅट नसावा अशी आशा करतो. असलाच, तर मुख्याध्यापकांनी कर्नल ब्रॅन्सन साहेबांचा हुकूम खुशाल अमलात आणावा. पुस्तके समोर आहेतच. जेवण मात्र बंद करू नये, कारण आज पुलाव आहे असे मला आत येतानाच समजले.